मेंदूला इजा झालेला माणूस आणि त्याचे घर: शुभंकरांच्या भावनिक थकव्याची ओळख

हे टिपण कोणासाठी आणि कशासाठी

मानसशास्त्र, समाजकार्य, परिचर्या किंवा ‘मानवी मूल्ये’ यांसारखा विषय ज्यांच्या अभ्यासक्रमात आहे, अशा कोणत्याही शाखेच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी हे टिपण आहे. मी दिल्लीलगतच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. मी डॉक्टर नाही. त्यामुळे यात उपचारांचा सल्ला नाही. रुग्णाची काळजी घेणाऱ्या माणसावर किती भार येतो, तो कसा मोजायचा आणि कसा वाटून घ्यायचा, एवढाच येथे विषय आहे.

टिपण वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी स्वतःच्या शब्दांत सांगता आल्या पाहिजेत:

१. भावनिक थकवा म्हणजे काय आणि तो साध्या दमणुकीहून वेगळा कसा.
२. मेंदूच्या इजेत काळजी घेणाऱ्यांवरचा ताण वेगळ्या प्रकारचा का असतो.
३. एका रुग्णाच्या घरातील कामाचे तास कसे मोजायचे.
४. नातेवाईक, मित्र, महाविद्यालय आणि शासन यांना नेमके काय करता येते.

१. शब्द आणि व्याख्या

इंग्रजीतील ‘केअरगिव्हर’साठी मराठीत ‘काळजीवाहक’ हा शब्द चालतो. पुण्यातील काही स्वमदत गटांमध्ये मात्र ‘शुभंकर’ आणि ‘शुभार्थी’ ही जोडी रुळली आहे. आजारी व्यक्ती ती शुभार्थी आणि तिची काळजी घेणारी व्यक्ती ती शुभंकर. स्किझोफ्रेनिया आणि पार्किन्सन्स यांच्याशी संबंधित गटांत हे शब्द नेहमी ऐकू येतात. या जोडीत दोघांनाही नाव मिळते, रुग्णाच्या मागे दुसरा माणूस झाकला जात नाही. म्हणून आपण हेच शब्द वापरू.

‘बर्नआउट’ ही संकल्पना १९७४ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी मांडली. पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ साली तिचे मोजमाप करणारी प्रश्नावली तयार केली. मास्लाक यांच्या मांडणीत तीन बाजू आहेत:

अ) भावनिक थकवा: आतून रिकामे झाल्यासारखे वाटणे.
आ) दुरावा: ज्याच्यासाठी काम करायचे, त्या माणसाकडे माणूस म्हणून पाहणे कमी होणे.
इ) कर्तृत्वाची जाणीव ओसरणे: ‘मी काहीही केले तरी उपयोग नाही’ असे वाटणे.

हे सारे संशोधन नोकरी करणाऱ्या लोकांवर झाले: परिचारिका, शिक्षक, समाजसेवक. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणाशी संबंधित घटना म्हणून. आणि आयुष्याच्या इतर क्षेत्रांतील अनुभवांसाठी हा शब्द वापरू नये, असेही तेथे म्हटले आहे. याचा अर्थ असा, की रुग्णालयात आठ तास रुग्ण सांभाळणारी परिचारिका त्या व्याख्येत बसते आणि घरी चोवीस तास तेच काम करणारी आई बसत नाही. शुभंकरांच्या थकव्यावर लिहिणारे संशोधक तरीही हा शब्द वापरतात, कारण तिन्ही बाजू घरातही दिसतात.

२. मेंदूची इजा घरात काय बदलते

मेंदूला इजा अनेक प्रकारे होते. अपघातात किंवा पडल्यामुळे मार लागतो. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटतो. बुडणे, गळा आवळला जाणे किंवा हृदय थांबणे यांत प्राणवायू पोहोचत नाही. आपल्या देशात रस्त्यावरचे अपघात हे मोठे कारण आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात ४,६१,३१२ अपघात झाले, त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे ५०,०२९ लोक मेले. मेलेल्यांची बातमी होते. जखमींपैकी ज्यांच्या मेंदूला गंभीर मार लागला, ते एक दिवस घरी येतात आणि तेथून आपला विषय सुरू होतो.

रुग्णालयात इजेची तीव्रता ग्लासगो कोमा स्केलने मोजतात. १९७४ साली ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट यांनी ती मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल या तीन गोष्टींना गुण देतात. कमीत कमी ३, जास्तीत जास्त १५. आठ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ही पद्धत लगेच पटते: निरीक्षण करा, अंक द्या, तोच अंक पुढच्या पाळीतल्या डॉक्टरला सांगा. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाला मात्र कोणी अंक देत नाही.

मेंदूची इजा इतर दीर्घ आजारांहून वेगळी का, याची तीन कारणे आहेत.

पहिले, ती एका क्षणात येते. वृद्धापकाळातील विस्मरणाच्या आजारात कुटुंबाला निदान काही वर्षे मिळतात. येथे सकाळी मोटारसायकलवरून गेलेला मुलगा संध्याकाळी अतिदक्षता विभागात असतो. घरात कोणी काही शिकलेले नसते, ठरवलेले नसते, साठवलेले नसते.

दुसरे, अनेकदा शरीर सावरते आणि स्वभाव बदलतो. कपाळामागचा मेंदूचा भाग राग आवरणे, पुढचा विचार करणे, दुसऱ्याचे मन ओळखणे अशी कामे करतो. तेथे मार लागला तर माणूस चालतो, बोलतो, पण क्षुल्लक कारणावरून भांडी फेकतो, चारचौघांत नको ते बोलतो, किंवा दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. पाहुणे म्हणतात, “अगदी पहिल्यासारखा दिसतोय!” आणि घरातले गप्प बसतात. अमेरिकेतील मेंदू-मानसशास्त्रज्ञ म्युरिएल लेझॅक यांनी १९७८ सालीच अशा बदललेल्या माणसासोबत राहणाऱ्या कुटुंबांविषयी लिहिले होते.

तिसरे, शोक करायला जागा नसते. माणूस समोर आहे, म्हणून तेरावे नाही, दुःख व्यक्त करायला कोणी येत नाही. आणि ओळखीचा तो माणूस तर आता नाही. पॉलिन बॉस या संशोधक अशा नुकसानीला जे नाव देतात, त्याला मराठीत ‘संदिग्ध वियोग’ म्हणता येईल. वियोग झालेला आहे, पण तो झाला असे म्हणायची सोय नाही.

या दुसऱ्या कारणाला संशोधनाचाही आधार आहे. ग्लासगो येथेच नील ब्रूक्स आणि सहकाऱ्यांनी डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णांच्या नातेवाईकांना एका वर्षानंतर आणि पुन्हा पाच वर्षांनंतर प्रश्न विचारले. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन गोष्टी दिसल्या. नातेवाईकांवरचा ताण पाचव्या वर्षी पहिल्या वर्षापेक्षा जास्त होता. आणि ताण किती असेल याचा सर्वांत चांगला अंदाज रुग्णाच्या स्वभावातील व वागण्यातील बदलावरून येत होता.

पाचव्या वर्षी ताण जास्त का असावा, हे आपल्याकडच्या कोणत्याही घरावरून समजते. पहिल्या वर्षी सगळे येतात. गावाहून आत्या येऊन महिनाभर राहते, ऑफिसातले लोक डबे पाठवतात, शेजारी रक्त द्यायला धावतात. दुसऱ्या वर्षी फोन येतात. पाचव्या वर्षी दिवाळीचा निरोप येतो. दरम्यान साठवलेले पैसे संपतात आणि ‘हळूहळू होईल बरा’ या वाक्यावरचा विश्वासही संपत येतो. शुश्रूषेचे काम मात्र पहिल्या वर्षाइतकेच राहते.

३. दोन प्रकरणे: परळ आणि गाझियाबाद

आता प्रत्यक्षात घडलेली दोन प्रकरणे पाहू. दोन्ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि दोन्हींची चर्चा बहुधा ‘इच्छामरण’ या शब्दाभोवती होते. आपण ती दुसऱ्या प्रश्नासाठी वाचणार आहोत: शुश्रूषा कोण करत होते, आणि किती जण?

प्रकरण पहिले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईतील परळच्या केईएम रुग्णालयात परिचारिका असलेल्या अरुणा शानभाग यांच्यावर तेथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. साखळीने गळा आवळल्यामुळे त्यांच्या मेंदूचा प्राणवायू तुटला. त्या पुन्हा कधीही भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले, तोवर, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. पत्रकार पिंकी विराणी यांच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. उपचार थांबवण्याची मागणी फेटाळताना न्यायालयाने अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला, कारण इतकी वर्षे त्यांना सांभाळणारे तेच होते. इतक्या काळात त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिले नाहीत, ही गोष्टही न्यायालयासमोर आली. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाबाबत याचा अर्थ काय, हे ज्याने रुग्ण सांभाळला आहे त्यालाच कळेल.

प्रकरण दुसरे. २०१३ साली हरीश राणा हा तरुण चंदीगडमध्ये शिकत असताना राहत्या पीजीच्या चौथ्या मजल्यावरून पडला. डोक्याला जबर मार लागला. हातपाय निकामी झाले, भान गेले. तेव्हापासून आई-वडील त्याला घरी सांभाळत होते. अन्न नळीने द्यावे लागे. जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उपचार थांबवण्यासंबंधीची त्यांची याचिका फेटाळली; तो कोणत्याही यंत्राच्या आधाराशिवाय जगतो आहे, असे कारण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथे आई-वडिलांचे वाढते वय आणि न पेलणारा खर्च हे मुद्दे पुढे आले. उपचारांसाठी घर विकावे लागले होते. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचा अहवाल नोंदवून घेतला. त्यानुसार उत्तर प्रदेश शासनाने घरी फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ नियमित पाठवायचे, बोलावल्यावर येणारा डॉक्टर आणि परिचारिकेची मदत द्यायची, औषधे मोफत पुरवायची. आणि घरी जमणे शक्य नसेल तर नोएडाच्या जिल्हा रुग्णालयात हलवायचे, असे ठरले. २०२५ च्या अखेरीस हे प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्यातील कायद्याचा प्रश्न मोठा आहे आणि तो स्वतंत्र टिपणाचा विषय आहे.

आता दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवा. परळला प्रेम होते आणि गाझियाबादला कमी होते, असे कोणी म्हणू शकेल का? अकरा वर्षे मुलाला जपणाऱ्या आई-वडिलांविषयी तसे म्हणणे अन्यायाचे होईल. फरक मनुष्यबळाचा आहे. केईएममध्ये परिचारिका पाळ्यांनी येत. पाळी संपली की पुढची हजर होई. कोणी आजारी पडली, बाळंतपणाच्या रजेवर गेली, निवृत्त झाली, तरी अरुणा यांच्या खाटेजवळ कोणीतरी होते. १९७३ साली कामावर असलेल्या परिचारिकांपैकी २०१५ साली कामावर कोण उरले असणार? हल्ल्याच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा मुलींनी शेवटची वर्षे सांभाळली. शिवाय डॉक्टर त्याच इमारतीत, औषधे तेथेच, आणि शुश्रूषा करणाऱ्याला महिन्याचा पगार.

गाझियाबादच्या घरात यांतले काहीच नव्हते. २०२४ च्या आदेशातील यादी पुन्हा वाचा: परिचारिका, डॉक्टर, फिजिओथेरपी, औषधे. केईएममध्ये जे पहिल्या दिवसापासून उपलब्ध होते, तेच अकराव्या वर्षी न्यायालयाच्या माध्यमातून मिळाले. या टिपणाचे मुख्य म्हणणे येथे आहे: शुभंकर मेटाकुटीला येतो तो माया आटल्यामुळे नव्हे, तर त्याला सोडवायला पुढच्या पाळीचे कोणी येत नाही म्हणून.

४. भाराचे गणित

हे विधान आकड्यांत तपासू. समजा, नोएडातील एक कुटुंब आहे: वडील नोकरीला, आई घरी, धाकटी मुलगी कॉलेजात आणि थोरला मुलगा इजेनंतर पूर्णपणे अंथरुणावर. खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. रुग्णाप्रमाणे ते बदलतील.

कूस बदलणे: दर २ तासांनी, दिवसाला १२ वेळा, प्रत्येकी १० मिनिटे = १२० मिनिटे
नळीने अन्न देणे: ६ वेळा, प्रत्येकी ३० मिनिटे = १८० मिनिटे
डायपर व स्वच्छता: ४ वेळा, प्रत्येकी २० मिनिटे = ८० मिनिटे
अंग पुसणे, तोंड साफ करणे = ६० मिनिटे
हातपायांचे व्यायाम: २ वेळा, प्रत्येकी ३० मिनिटे = ६० मिनिटे
घशातील कफ मशीनने ओढणे: ८ वेळा, प्रत्येकी ५ मिनिटे = ४० मिनिटे
औषधे, पातळ अन्न तयार करणे, चादरी-कपडे धुणे = ९० मिनिटे

एकूण ६३० मिनिटे, म्हणजे दिवसाला साडेदहा तास. आठवड्याला साडेत्र्याहत्तर तास. आपल्या कामगार कायद्यांत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. म्हणजे फक्त हातांनी करायच्या कामालाच दीड माणूस लागतो. पण रुग्णाजवळ कोणीतरी सतत असावे लागते. आठवड्याचे १६८ तास भागिले ४८ केले तर साडेतीन येतात. एका खाटेसाठी साडेतीन पूर्णवेळ माणसे! घरात हे काम बहुतेक एकच व्यक्ती करते, आणि त्याशिवाय स्वयंपाकही.

या गणितातला सर्वांत वाईट आकडा बेरजेत दिसत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, तर सलग दोन तासांहून अधिक झोप मिळत नाही. एका रात्री हे कोणीही करेल. वर्षाला ३६५ रात्री असतात.

यंत्र अभियांत्रिकीत ‘फटीग’ शिकवताना आपण पाहतो, की धातूचा दांडा एका झटक्यात मोडायला जेवढा भार लागतो, त्याहून बराच कमी भार पुन्हा पुन्हा दिला तरी तो मोडतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर हे दाखवून दिले. शुभंकराबाबत इतकेच साम्य घ्या: कोणताही एक दिवस असह्य नसतो, म्हणून कोणत्याही एका दिवशी तो मदत मागत नाही. फरकही लक्षात ठेवा. धातूतील तडा विश्रांतीने भरून येत नाही. माणूस मात्र विसाव्याने पुष्कळ सावरतो.

हे काम कोणाच्या वाट्याला येते? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील माणसांची विनामोबदला काळजी घेण्यात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी १३४ मिनिटे त्यावर घालवतात, पुरुष ७६ मिनिटे. अशी काळजी घेणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत २७.६ टक्के, पुरुषांत १४ टक्के. बिनपगारी घरकामात फरक आणखी मोठा आहे: स्त्रिया २९९ मिनिटे, पुरुष ९७. रुग्णाची शुश्रूषा या आधीच वाकलेल्या तराजूत येऊन पडते.

५. भावनिक थकवा कसा ओळखायचा

मास्लाक यांच्या तीन बाजू घरात कशा दिसतात ते पाहू.

थकवा: सकाळी उठतानाच दमल्यासारखे वाटते. रडूही येत नाही. पाठ, गुडघे, डोके सतत दुखते. स्वतःची रक्तदाबाची गोळी विसरली जाते.

दुरावा: आधी अंग पुसताना गप्पा मारणारी आई आता काही न बोलता, यंत्रासारखे काम उरकते. नळी, पिशवी, डायपर यांविषयी बोलते, मुलाविषयी नाही. बाकीच्यांवर उगाच कातावते.

निष्फळता: ‘आपण करतोय ते सगळे पाण्यात’ ही भावना.

आपल्या समाजात यावर चौथी गोष्ट चढते, ती अपराधीपणाची. ‘आई असून कंटाळा कसा येतो?’ हा प्रश्न दुसऱ्याने विचारायची गरज पडत नाही. ती स्वतःच विचारते. ‘यातून सुटका व्हावी’ असा विचार मनात आला तर ती स्वतःला पापी समजते. असा विचार अतिश्रमाने पिचलेल्या माणसाच्या मनात येऊ शकतो. तो ऐकणाऱ्याने निवाडा न करता ऐकावा.

मोजमापासाठी झॅरिट यांची भार-प्रश्नावली बरीच वापरली जाते. स्टीव्हन झॅरिट आणि सहकाऱ्यांनी १९८० साली ती विस्मरणाच्या रुग्णांच्या नातेवाईकांसाठी केली. पुढे इतर आजारांतही वापर सुरू झाला. प्रचलित आवृत्तीत २२ प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. गुण जितके जास्त, तितका भार जास्त. हे निदान नव्हे, तर कोणाकडे आधी लक्ष द्यायचे याचा इशारा आहे. प्रकल्पासाठी ती वापरायची असेल तर परवानगी आणि मार्गदर्शक दोन्ही हवेत. गुण काढून निघून जाणे योग्य नाही. गुण जास्त आले तर पुढे कोणाकडे पाठवायचे, हे आधी ठरवा.

थकवा आणि नैराश्य यांत फरक करायला शिका. काही तासांची सुटका मिळाली की थकलेला माणूस थोडा खुलतो. सुटका मिळूनही कशातच रस वाटत नसेल, भूक-झोप गेली असेल, जगणे नको वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यासाठी तज्ज्ञच हवा. केंद्र शासनाची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत, चोवीस तास, अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती चालू आहे.

हा प्रश्न केवळ मनाचा नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शुल्झ आणि बीच यांनी आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या वृद्धांचा चार वर्षे पाठपुरावा केला होता. ज्यांना या कामाचा ताण जाणवत होता, त्यांच्या मृत्यूचा धोका काळजी न घेणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त आढळला. अभ्यास अमेरिकेतील आणि वृद्धांचा होता, म्हणून तो जसाच्या तसा आपल्याकडे लावू नये; पण शुभंकराची तब्येत हा रुग्णाच्याही जिवाचा प्रश्न आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

६. काय करता येते

घरात. रुग्णालयातून सोडण्यापूर्वी नळीने अन्न देणे, कूस बदलणे, कफ काढणे या गोष्टी परिचारिकेसमोर स्वतः करून पाहाव्यात, आणि एकाने नव्हे, घरातील किमान दोघांनी. जो एकटा शिकतो तोच कायमचा अडकतो. नंतर पाळ्यांचा तक्ता कागदावर लिहून भिंतीला लावावा. रात्रीची पाळी वाटून घेणे सर्वांत महत्त्वाचे: आठवड्यातून दोन रात्री जरी मुख्य शुभंकराला सलग सहा तास झोप मिळाली, तरी मोठा फरक पडतो. ऐपत असेल तर मदतनीस दिवसाऐवजी रात्रीसाठी ठेवण्याचा विचार करावा. हवेच्या गादीने कूस बदलण्याचे काम संपत नाही. किती वेळाने बदलायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

दूरच्या नातेवाईकांनी. दिल्ली परिसरातील मराठी कुटुंबांची बरीच नाती पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात असतात. ‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य ते मनापासून म्हणतात, पण मेटाकुटीला आलेल्या माणसाला काय लागते ते सांगण्याचेही त्राण नसते. त्यापेक्षा नेमके काम उचला: विम्याचे कागद माझ्याकडे, दर महिन्याची औषधे मी मागवीन, मे महिन्यात पंधरा दिवस मी येऊन राहीन, तुम्ही दोघे गावी जा.

मित्रांनी आणि महाविद्यालयाने. शुभंकर म्हटले की आईचे चित्र डोळ्यांसमोर येते, पण वर्गातला विद्यार्थीही शुभंकर असू शकतो. भावाला सांभाळून पहिल्या तासाला उशिरा येणारी मुलगी हजेरीच्या यादीत ‘अनियमित’ दिसते. ती आपणहून सांगत नाही, कारण तिला दया नको असते. शिक्षकाने हजेरी कमी असल्याचे कारण चारचौघांत नव्हे, एकट्याला विचारावे. मित्रांनी शनिवारी दोन तास तिच्या घरी बसावे. नोट्स पाठवण्याइतकीच ती मदत मोलाची आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी तर येथे प्रकल्पांचे विषय पडले आहेत: एका माणसाला कूस बदलता येईल अशी स्वस्त खाट, लघवीची पिशवी भरल्याचा इशारा, औषधांचा सामायिक तक्ता. फक्त आधी एक दिवस त्या घरात बसून काम पाहा आणि मग आराखडा काढा.

कायद्याने. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘केअरगिव्हर’ची व्याख्या आहे, आई-वडील आणि इतर कुटुंबीय, पैसे घेऊन वा न घेता काळजी घेणारे, सगळे तिच्यात येतात. ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे, पण शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. म्हणून प्रत्यक्ष लाभ राज्याच्या योजनेवर ठरतो. कायद्याच्या परिशिष्टात मेंदूची इजा हा स्वतंत्र प्रकार नाही. हालचाल, वाचा, बुद्धी यांवर झालेल्या परिणामांनुसार प्रमाणपत्र मिळते. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. हे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड लवकर काढून ठेवावे.

आणखी एक अडचण अनेकांना उशिरा कळते. भान हरपलेल्या प्रौढ व्यक्तीच्या बँक खात्यावर पत्नीला किंवा आईला आपोआप अधिकार मिळत नाही. अशा व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा सरळ कायदा नसल्याने उच्च न्यायालयात जावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. पतीचाच पैसा पतीच्या उपचारासाठी काढता येत नाही, ही धावपळ थकव्यात भर घालते. भाराच्या तक्त्यात तिलाही एक ओळ द्या.

७. सारांश

मेंदूची इजा एकाला होते आणि घरातील सर्वांचे दिवस-रात्र बदलते. ताण कामाच्या तासांमुळे येतो, तुटलेल्या झोपेमुळे येतो आणि बदललेल्या माणसासोबत राहण्यामुळे येतो. तो वर्षांगणिक वाढू शकतो, कारण काम टिकून राहते आणि मदत ओसरते. सतत देखरेखीला साडेतीन माणसे लागतात. एकट्याकडून ते होत नाही, हा त्याचा दोष नाही. केईएमच्या परिचारिकांनी चाळीस वर्षे जे करून दाखवले, त्यामागे जिव्हाळा होता आणि पाळ्यांचा तक्ताही होता. घरांना जिव्हाळा शिकवायची गरज नाही. पाळीवर यायला माणसे हवी आहेत, आणि त्यांतले एक तुम्ही होऊ शकता.

स्वाध्याय

१. बर्नआउटची जागतिक आरोग्य संघटनेची नोंद घरच्या शुभंकराला का लागू होत नाही? ती लागू व्हावी का, यावर दोन्ही बाजूंनी लिहा.
२. ‘संदिग्ध वियोग’ ही कल्पना मेंदूच्या इजेव्यतिरिक्त आणखी कोणत्या प्रसंगांना लागू पडते? दोन उदाहरणे द्या.
३. विभाग ४ मधील तक्ता तुमच्या ओळखीच्या एखाद्या दीर्घ आजाराच्या घरासाठी, त्यांच्या संमतीने व नावे न लिहिता, पुन्हा तयार करा. रात्रीची सलग झोप वेगळी नोंदवा.
४. त्या घरातील कामांपैकी कोणती दूर राहणारा नातेवाईक करू शकेल, कोणती शेजारी आणि कोणती फक्त प्रशिक्षित व्यक्ती? तीन याद्या करा.
५. तुमच्या महाविद्यालयाच्या हजेरीच्या नियमांत शुभंकर विद्यार्थ्यांसाठी काही तरतूद आहे का? नसल्यास एका परिच्छेदाचा मसुदा लिहा.